हजार वर्षांचं राज्य आणि 'वर उचलले जाणे': कॅथलिक आणि इव्हँजेलिकल शिकवणीत नेमका फरक काय?

मलप्रभा_खानापूर

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

आमचं घर खानापूर तालुक्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. घरात मराठी, चर्चमध्ये मिस्सा कधी मराठी कधी कोंकणी, बाजारात कन्नड. धाकटी बहीण लग्न होऊन बेळगावला अनगोळात गेली. सहा वर्षांमागे ती आणि मेव्हणे एका इव्हँजेलिकल फेलोशिपला, म्हणजे बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट लोकांच्या सभेला, जायला लागले. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं, आई वर्षभर तिच्याशी धड बोलली नाही. पण मेव्हण्यांची दारू तिथंच सुटली हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे त्या सभेला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

मागच्या महिन्यात जे झालं ते सांगतो. भाची दहा वर्षांची. दुपारी शाळेतून आली तर दार सताड उघडं, गॅसवर कुकर, आईच्या चपला उंबऱ्याशी आणि आई कुठंच नाही. त्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. बहीण तशीच अनवाणी घागर घेऊन मागच्या गल्लीत धावली होती. वीसेक मिनिटांनी परत येते तो पोरगी दप्तर पाठीवर तसंच, उंबऱ्यात बसलेली, रडून रडून श्वास लागलेला. "सगळी वर गेली, मला ठेवून गेली," असं शेजारच्या काकूंना सांगत होती. काकू बिचाऱ्या गच्चीवर कोण आहे का ते बघून आल्या. पोरीला वाटलं होतं की येशू येऊन आईबाबांना घेऊन गेला आणि आपण कुठल्यातरी पापामुळे खाली राहिलो. आदल्या आठवड्यात तिनं मैत्रिणीचं खोडरबर न विचारता घेतलं होतं. पाप म्हणून तेवढंच एक तिला आठवत होतं.

रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा तीही रडत होती. मी रागानं म्हणालो, पोरांच्या डोक्यात हे असलं कशाला भरता? ती म्हणाली, "दादा, हे शास्त्रात आहे. तू वाचलंयस का?" मी वाचलं नव्हतं. पहिला परमप्रसाद, दृढीकरण, सगळं झालं माझं, पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, विसावा अध्याय मी कधी उघडला नव्हता. 'ख्रिस्त पुन्हा येणार आहे' असं मिस्सेत दर रविवारी म्हणतो, पण येणार म्हणजे कसा, कशासाठी, हे कधी कुणाला विचारलं नाही.

जाणकारांनी सांगावं. दोन्हीकडचं हवंय. धर्मांतराचा वाद इथं नको. मला त्या पोरीपुढं बसून बोलायचंय.

धर्मशिक्षिका_कॅम्प

दादा, तुमची भाची डोळ्यांपुढून हलत नाही. मी बेळगावच्या कॅम्पात राहते, तीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते, आणि कबूल करते की हा भाग आम्ही शिकवतच नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळात दोन वाक्यं बोलतो आणि गोठा सजवायला लागतो. पोकळी आम्हीच ठेवली, ती दुसऱ्यांनी भरली.

आधी मूळ जागा. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात दुसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत, प्रत्येक वचनात एकदा, असे सहा वेळा 'हजार वर्षे' हे शब्द येतात. देवदूत सैतानाला साखळीनं बांधून अगाधकूपात टाकतो. येशूच्या साक्षीसाठी ज्यांचा शिरच्छेद झाला ते जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षे राज्य करतात. मग सैतान थोडा काळ सुटतो, शेवटची लढाई होते, आणि मोठ्या पांढऱ्या राजासनासमोर न्याय. बायबलात इतर कुठं या हजार वर्षांच्या राज्याचा असा उल्लेख नाही. एवढ्याशा जागेवरून सतराशे-अठराशे वर्षं वाद चाललाय.

कॅथलिक वाचन मुख्यतः संत ऑगस्टीनकडून आलं. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या विसाव्या खंडात तो स्वतःच सांगतो की एके काळी आपणही पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवत होतो. नंतर त्यानं मत बदललं. त्याचं म्हणणं असं: सैतान बांधला गेला तो ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यातच. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशू म्हणतो ना, बळकट माणसाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर कुणाला लुटता येत नाही, तेच हे बांधणं. 'पहिलं पुनरुत्थान' म्हणजे पापाच्या मरणातून जिवाचं उठणं. दुसरं पुनरुत्थान शरीराचं, शेवटच्या दिवशी, सगळ्यांचं एकदमच. योहानाच्या पाचव्या अध्यायात ही दोन्ही उठणी लागोपाठ आली आहेत, २५ व्या आणि २८ व्या वचनात. आणि हजार हा पूर्णत्वाचा आकडा, दहा गुणिले दहा गुणिले दहा. स्तोत्र ५० मध्ये देव म्हणतो, हजार डोंगरांवरची गुरं माझी आहेत. एक हजार एकाव्या डोंगरावरची दुसऱ्या कुणाची, असा अर्थ आपण काढत नाही.

म्हणजे ती हजार वर्षं आत्ताच चालू आहेत. ख्रिस्त राज्य करतोय, स्वर्गात संतांबरोबर आणि इथं चर्चमध्ये. पुढं एकदाच येणं, एकदाच पुनरुत्थान, एकच न्याय.

१९४४ साली रोमच्या श्रद्धाविषयक कार्यालयाला विचारणा झाली होती की ख्रिस्त शेवटच्या न्यायाआधी दृश्य रूपात पृथ्वीवर येऊन राज्य करेल, एवढं सौम्य मत तरी शिकवावं का? उत्तर आलं की ते सुरक्षितपणे शिकवता येत नाही. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, ६७६ व्या परिच्छेदात हीच भूमिका आहे. पण त्याच्याच आधीचा परिच्छेद कॅथलिक लोक विसरतात. ६७५ म्हणतो की ख्रिस्ताच्या येण्याआधी चर्चला एका अखेरच्या कसोटीतून जावं लागेल आणि त्यात पुष्कळांची श्रद्धा हलेल. संकट नाही, असं आम्ही म्हणत नाही. संकटाआधी काही लोक गुपचूप उचलले जातील, असं मात्र शिकवत नाही.

भाचीला इतकं सांगा: एखादं मूल घरी एकटं राहील अशा रीतीनं येशू येत नाही. तो येईल तेव्हा सगळ्या जगाला दिसेल.

सांब्र्याची_सून

मला शास्त्रातलं कळत नाही. पण त्या पोरीला आधी जवळ घ्या. आणि ते खोडरबर तिच्या हातानं परत करू द्या.

वचन_निपाणी

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी इव्हँजेलिकल आहे, निपाणीचा. वाचून दुःख झालं. एक गोष्ट आधी बोलतो: जे पोराला भीती घालून प्रभूकडे ढकलतात ते आमच्यातले असले तरी चुकतात.

आता आमची बाजू. माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. चाळीस वर्षं पाठीवर बोदं वाहिली, अंगाला तंबाखूचा वास मरेपर्यंत गेला नाही. पहाटे चारला उठून कंदिलापाशी प्रकटीकरण वाचायचे. त्यांची आवडती ओळ, 'ते त्याच्याबरोबर राज्य करतील.' आयुष्यात कुणी ज्यांना 'बसा' म्हटलं नाही त्यांना ही ओळ काय वाटत असेल ते समजून घ्या. 'ही हजार वर्षं म्हणजे प्रतीक, ती आत्ताच चालू आहेत' असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग सैतान बांधलेला असताना वखारीत हे कसं चालतं?

आम्ही वचन सरळ वाचतो. शब्दाचा साधा अर्थ बसत असेल तर दुसरा शोधायचा नाही. देवानं अब्राहामाला जमीन देऊ म्हटलं तर जमीनच. पहिल्या येण्याची भाकितं अक्षरशः पूर्ण झाली, बेथलेहेम म्हणजे बेथलेहेमच निघालं, मग दुसऱ्या येण्याचीच प्रतीकं का करायची? आमच्या पुष्कळ मंडळ्यांत क्रम असा शिकवतात: आधी संतांचं, म्हणजे विश्वासणाऱ्यांचं, उचललं जाणं (१ थेस्सलनीकाकरांस, अध्याय ४), मग सात वर्षांचं महासंकट, ज्याचा हिशेब दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांतल्या शेवटच्या सप्तकावरून करतात. त्यात ख्रिस्तविरोधक उभा राहतो. शेवटी प्रभू आपल्या लोकांसह उघड येतो, हजार वर्षं यरुशलेमातून राज्य करतो, आणि मग शेवटचा न्याय, नवं आकाश नि नवी पृथ्वी. १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभं राहिलं तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना वाटलं, घड्याळ पुढं सरकलं.

आणि हे काही काल कुणी काढलेलं नाही. दुसऱ्या शतकातले पापियास, जस्टिन, इरेनेअस, तिघेही पृथ्वीवरच्या हजार वर्षांवर विश्वास ठेवत. इरेनेअस तर तुमचा संत, २०२२ साली पोपनी त्याला चर्चचा आचार्य जाहीर केलं. त्यानं पापियासकडून आलेली एक परंपरा नोंदवलीय की त्या राज्यात एकेका द्राक्षवेलीला दहा दहा हजार फांद्या येतील. आणि त्याचं कारण मला फार भावतं. ज्या सृष्टीत नीतिमानांनी कष्ट काढले, छळ सोसला, त्याच सृष्टीत त्यांना फळ मिळालं पाहिजे. माझ्या वडिलांना न्याय कुठंतरी ढगात मिळून भागणार नाही. निपाणीच्या मातीवर मिळाला पाहिजे.

धर्मशिक्षिका_कॅम्प

वचन भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून थांबले. उत्तर लगेच देत नाही.

जुना_मेथडिस्ट

मी बेळगावचा, तीन पिढ्यांचा मेथडिस्ट. आमच्या मंडळीचं मूळ लंडन मिशनरी सोसायटीत. जोसेफ टेलर १८२० साली इथं आले, १९०४ च्या सुमारास ते काम मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे गेलं. हे सांगण्याचं कारण असं की 'प्रॉटेस्टंट म्हणजे रॅप्चर, हे वर उचललं जाणं, मानणारे' हा समज इथं पक्का झालाय आणि तो इतिहासाला धरून नाही.

लुथरनांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात सतरावं कलम आहे. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाआधी फक्त नीतिमानांचं जगावर राज्य येईल, या मताचा त्यात स्पष्ट निषेध आहे. दुसरा मोठा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्यानं तर हजार वर्षांच्या राज्याची कल्पना बालिश म्हणून बाजूला सारली. लुथरन आणि कॅल्विन दोघेही पोपशी कडाडून भांडले, पण या एका मुद्द्यावर ऑगस्टीनच्याच बाजूला राहिले. पुढं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मिशन चळवळीतल्या पुष्कळांचं तिसरंच मत होतं: सुवार्ता हळूहळू जगभर पसरेल, न्याय नि शांतीचा मोठा काळ येईल, आणि त्याच्या शेवटी ख्रिस्त येईल. शाळा, दवाखाने, छापखाने या उमेदीतून आले. दोन महायुद्धांनी ती उमेद मोडली.

सात वर्षांच्या संकटाआधी मंडळी गुपचूप उचलली जाईल, ही मांडणी पद्धतशीरपणे पसरली ती १८३० नंतर, प्लिमथ ब्रदरन या पंथातल्या जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून. मग १९०९ साली अमेरिकेत स्कोफील्ड यांचं टिपांसह बायबल निघालं. वचन वर आणि टीप त्याच पानावर खाली. वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही एक झाली. वचन भाऊंनी जस्टिन, इरेनेअस यांची नावं घेतली ती बरोबर आहेत, पण त्यांच्या लिहिण्यात संकटाआधी निसटून जाणारी मंडळी नाही. ते ख्रिस्तविरोधकाच्या हातून छळ सोसणारी मंडळीच सांगतात. हजार वर्षं आणि गुपचूप उचललं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नेहमी एकाच पिशवीत भरतो.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला वाचताना थक्क करून गेली. या सगळ्या पुनरुज्जीवनाच्या मुळाशी एक जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातला धर्मगुरू आहे! मॅन्युएल लाकुन्सा, चिलीतल्या सँटियागोचा. १७६७ साली स्पेनच्या राजानं जेझुइटांना हाकललं, तो इटलीत इमोलाला येऊन राहिला आणि तिथं मशीहाच्या गौरवी येण्यावर मोठा ग्रंथ लिहिला. लेखक म्हणून नाव लावलं ते एका ख्रिस्ती झालेल्या यहुद्याचं, काल्पनिक. १८०१ मध्ये तो वारला, १८२४ मध्ये रोमनं पुस्तक निषिद्ध यादीत टाकलं, आणि १८२७ मध्ये लंडनच्या एडवर्ड आयर्विंग या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकानं त्याचा इंग्रजी अनुवाद काढला. आयर्विंगच्या वर्तुळातून हजार वर्षांच्या राज्याची चर्चा इंग्लंडभर पेटली. धर्मशिक्षिका ताईंनी जे १९४४ चं उत्तर सांगितलं ती विचारणाही सँटियागोहूनच गेली होती. त्या शहरातून निघालेला प्रश्न दीडशे वर्षांनी तिथूनच रोमला पोचला.

म्हणून मला 'कॅथलिक विरुद्ध इव्हँजेलिकल' ही रेघ इथं सरळ ओढता येत नाही. घरात भांडताना तरी ती ओढू नका.

दिंडीकर_येळ्ळूर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. हा धागा रात्री दोनदा वाचला. एका ख्रिस्ती मित्राकडून मराठी बायबल आणून ते थेस्सलनीकाकरांचं पत्र उघडलं. तिथं शब्द 'प्रभूला सामोरे' असे आहेत.

आमच्या गावात पालखी येते तेव्हा काय होतं ते लिहितो. लांबून टाळ ऐकू आले की बायका कळशा, पंचारती घेऊन निघतात, पोरं पुढं पळतात, म्हातारी माणसं काठी टेकत वेशीपर्यंत जातात. ते सामोरं जाणं. पण वेशीवरून पालखीबरोबर कुणी दुसऱ्या गावाला निघून जात नाही, तिला वाजतगाजत आत आणतात. लग्नात सीमांतपूजन असतं तेही तसंच. नवरदेव शिवेवर आला की सामोरं जायचं आणि मांडवात आणायचं. मराठी माणसाला 'सामोरं' म्हटलं की हेच दिसतं. मग ढगात जाऊन तिथंच राहायचं हा अर्थ कसा निघाला, असा प्रश्न पडला. मूळ भाषेत वेगळं असेल तर सांगावं.

जुना_मेथडिस्ट

दिंडीकर, मूळ ग्रीकमध्येही तुमच्या वेशीच्याच जवळचं आहे. शब्द 'अपान्तेसिस'. राजा किंवा मोठा पाहुणा नगराकडे आला की नागरिक बाहेर जाऊन त्याला घेऊन येत, त्या स्वागताला हा शब्द वापरत. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी आहे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात दहा कुमारी वराला सामोऱ्या जायला निघतात आणि त्यांतल्या तयार असलेल्या पाच त्याच्याबरोबर लग्नघरात येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या २८ व्या अध्यायात रोमचे बंधू पौलाला अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे येतात आणि त्याला घेऊन रोमला जातात. दोन्हीकडे माणसं परत फिरतात.

वचन_निपाणी

दोन दिवस यावर विचार केला. पहिल्यांदा मनात उत्तर आलं की त्या पत्रात 'परत फिरले' असं कुठं लिहिलेलं नाही, आणि ते खरंही आहे. फक्त एका शब्दावरून पूर्ण शिकवण उभी करता येत नाही, पाडताही येत नाही. पण वेशीवरची ती म्हातारी माणसं मनातून जाईनात.

आमच्यातही एकमत नाही हे लिहायला हवं होतं. हजार वर्षांचं राज्य अक्षरशः मानणारे पण मंडळी संकटातून जाईल असं म्हणणारेही इव्हँजेलिकल आहेत. अमेरिकेतले जॉर्ज एल्डन लॅड त्यांतले नावाजलेले. आमच्या वडिलांचं मत बहुतेक तसंच होतं. ते म्हणायचे, दुःखातून सुटका मागू नये, दुःखात सोबत मागावी. हजार वर्षं मी सोडत नाही. ते वचन माझ्यासाठी प्रतीक होणार नाही. पण 'दार उघडं, चपला तिथंच, माणूस गायब' हे चित्र पोरांना दाखवायचा अधिकार मला आहे का, याबद्दल आता मन साशंक आहे. थेस्सलनीकाकरांच्या त्याच चौथ्या अध्यायाचं शेवटचं वचन आहे, 'या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.' ज्यानं दहा वर्षांच्या पोरीचा श्वास लागतो ते सांत्वन कसलं.

कॉलेजरोड

मध्येच विचारतो. प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याचं काय? करोनात आमच्या गल्लीत दोन घरांनी लस घेतली नाही. 'श्वापदाची खूण' म्हणाले. त्याआधी आधार कार्डाबद्दल तेच ऐकलं होतं.

जुना_मेथडिस्ट

थोडक्यात. ग्रीक आणि हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असतं, नावाची बेरीज करता येते. 'नेरोन कैसर' हिब्रू अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ होते. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे, आणि नावाचं लॅटिन रूप, शेवटच्या 'न'शिवाय, घेतलं तर बरोबर तेवढीच बेरीज येते. पहिल्या वाचकांना छळ करणारा कैसर ओळखू आला असणार. पुढं आणखी पूर्तता आहे का यावर वाद घाला, पण लस आणि कार्ड यांत तो आकडा शोधू नका.

वचन_निपाणी

आमच्या पास्टरांनी पहिली लस व्यासपीठावरून सांगून घेतली होती, मग रांग लागली. तारखा काढणाऱ्यांबद्दलही लिहितो. अमेरिकेत विल्यम मिलरच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. शेतातलं पीक काढलं नाही, दुकानं मोडली, आणि सकाळ नेहमीसारखी झाली. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंगनी २१ मे सांगितली. 'तो दिवस, ती घटका पित्यावाचून कोणाला ठाऊक नाही' हे मार्कच्या तेराव्या अध्यायात स्वतः प्रभूच म्हणतो. सरळ अर्थ घेणाऱ्यांनी हे वचन तरी सरळ घ्यावं.

धर्मशिक्षिका_कॅम्प

आता मी उत्तर देते, वचन भाऊ, तुम्ही पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाला.

आधी आमच्याकडची भीती. तुम्हालाच बोलायचं आणि स्वतःचं झाकायचं हे बरोबर नाही. १९९९ साली आमच्या कितीतरी घरांत आशीर्वादित मेणबत्त्या साठवल्या होत्या. तीन दिवस काळोख पडणार, खिडक्या लावून घ्यायच्या, बाहेर बघायचं नाही, असं कुणीतरी पसरवलं होतं. माझ्या सासूबाईंनी खिडक्यांना घोंगड्या मारून बघितल्या होत्या, पुरतात का म्हणून. आमचं कॅथेड्रल फातिमा मातेचं. पोर्तुगालातल्या फातिमाला १९१७ मध्ये मरियेनं मुलांना सांगितलं म्हणतात त्या तिसऱ्या गुपिताबद्दल लहानपणी आम्ही झोपेतून दचकून उठायचो. २००० सालच्या जूनमध्ये रोमनं ते छापलं, तेव्हा त्यात जगाच्या अंताची तारीख नव्हती. खाजगी प्रकटीकरणं श्रद्धेच्या मूळ ठेव्यात मोडत नाहीत, हे कॅटेकिझममध्ये आहे. पण मुलांना ते कुणी सांगितलं नाही.

आता वखारीचं. सैतान बांधलेला असताना वखारीत हे कसं चालतं? मी दोन रात्री झोपले नाही या प्रश्नावर. ऑगस्टीन म्हणतो, बांधलेला म्हणजे मेलेला नाही. राष्ट्रांना सुवार्तेपासून रोखायची त्याची ताकद गेली. हे खरं आहे, पण हमालाच्या पाठीला ते पुरत नाही. मला वाटतं आमच्या लोकांनी 'राज्य चालूच आहे' हे वाक्य इतक्या आरामात उच्चारलं की राज्य यायचंही आहे हे विसरलो. आम्हीही शरीराचं पुनरुत्थान मानतो, नवी पृथ्वी मानतो. श्रद्धांगीकारात 'त्याच्या राज्याला अंत नाही' असं म्हणतो. तुमच्या वडिलांची वाकलेली पाठ सरळ होणार, हे मीही मानते, आणि आत्मा कुठंतरी तरंगत असेल एवढ्यावर मीही समाधानी नाही. फरक इतकाच की तो न्याय हजार वर्षांचा मधला मुक्काम न घेता थेट येईल असं मी धरते.

इस्राएलबद्दलही एक. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायावरून कॅटेकिझमचा ६७४ वा परिच्छेद म्हणतो की सर्व इस्राएल मशीहाला ओळखेल त्याच्याशी त्याचं येणं बांधलेलं आहे. म्हणजे यहुदी लोकांना देवानं टाकून दिलं असं आम्हीही म्हणत नाही. आजच्या राष्ट्राच्या नकाशावरून मात्र दिवस मोजत नाही.

मलप्रभा_खानापूर

सगळ्यांचं वाचतोय. काही ठिकाणी दोनदा वाचावं लागलं.

पण एक प्रश्न राहिलाय आणि तो माझ्या घरात सगळ्यात जास्त दुखतो. आमचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. २ नोव्हेंबरला आम्ही सगळे कबरस्तानात जातो, फादर कबरींना आशीर्वाद देतात, आई त्यांच्या नावानं मिस्सा ठेवते. बहीण येत नाही. म्हणते, बाबा विश्वासात गेले, ते प्रभूजवळ आहेत, आता प्रार्थना कसली? आईला वाटतं, लेकीनं बापाला सोडलं.

धर्मशिक्षिका_कॅम्प

हा फरक खरा आहे, शब्दांचा खेळ नाही. आम्ही मानतो की मरणाबरोबर प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि देवाच्या कृपेत गेलेल्या पण पूर्ण शुद्ध न झालेल्यांचं शुद्धीकरण होतं. त्यांना आपल्या प्रार्थनेची मदत होते. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मेलेल्यांसाठी अर्पण पाठवतो. ते पुस्तक प्रॉटेस्टंट बायबलात नाही, म्हणून तिथूनच वाट फुटते.

वचन_निपाणी

हो, इथं आम्ही वेगळे आहोत आणि मी गोड बोलून ते लपवणार नाही. ख्रिस्ताचं रक्त पुरेसं आहे, मेल्यावर आणखी शुद्धीकरण उरत नाही, असं आम्ही धरतो. पण दादा, कबरीपाशी जायला आम्हाला कुणी बंदी केलेली नाही. मी वडिलांच्या कबरीवर जातो, गवत काढतो, देवाचे आभार मानतो. बहिणीला इतकं सांगून बघा. प्रार्थनेत सामील होऊ नको म्हणावं, पण ये.

मलप्रभा_खानापूर

काल परत आलो, आज लिहितोय.

१ नोव्हेंबरला बेळगावात राज्योत्सवाच्या मिरवणुका, इकडं काळा दिन, गाड्यांचा भरवसा नसतो. म्हणून मी ३१ लाच अनगोळला गेलो. रात्री जेवण झाल्यावर बहीण, मेव्हणे, भाची आणि मी असे थेस्सलनीकाकरांचं ते पत्र घेऊन बसलो. वाचलं बहिणीनंच. 'सामोरे' शब्द आल्यावर मी थांबवलं आणि दिंडीकरांची पालखी सांगितली. भाचीनं विचारलं, "मग वेशीपर्यंत चालत जायचं की उडत?" मेव्हणे म्हणाले, "ते देवाला ठाऊक. पण तुझा हात माझ्या हातात असेल." बहिणीनं मान हलवली. ती उचललं जाणं अजूनही मानते, हे तिनं मला स्पष्ट सांगितलं, आणि मीही ते कॅटेकिझमचे परिच्छेद तिला स्पष्ट सांगितले. तास-दीड तास बोललो. आवाज चढला नाही.

दोन तारखेला ती आली. फादर कबरींवर पाणी शिंपडत होते तेव्हा ती मागं चाफ्याखाली उभी होती. मेणबत्ती लावली नाही. नंतर खुरपं मागून घेतलं आणि बाबांच्या कबरीच्या पायथ्याचं गवत मुळापासून काढलं, खाली बसून, साडी खोचून. आई आधी बघत राहिली. मग तिच्या बाजूला बसली आणि उपटलेलं गवत टोपलीत भरायला लागली. दोघी काही बोलल्या नाहीत. भाचीनं आईला विचारलं, "आजी, आजोबा कधी उठणार?" आई म्हणाली, "शेवटच्या दिवशी." भाचीनं वळून स्वतःच्या आईकडं बघितलं. बहीण म्हणाली, "हो, उठणार."

खोडरबर परत गेलंय. मैत्रिणीला ते हरवलंय हेच माहीत नव्हतं.

आणि अनगोळच्या घराच्या दाराला आतून एक छोटी पाटी लावलीय, खडू दोरीनं बांधलेला. काल निघताना बघितलं, बहिणीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'नळावर आहे. कुकरला हात लावू नको.'